वाचनाची वेगळी रांग

कचेरीत सारे त्यांना रांगोबा म्हणत. संगणक आणि दूरच्या खोलीतील साठवण-यंत्र यांच्यामध्ये निरोप्याचे काम करणारा एक प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. असे ड्रायव्हर लिहिण्यात रांगोबांची एकवीस वर्षे गेली. बिघडल्यावाचून ज्याचे अस्तित्व कुणाला जाणवत नाही, अशा कर्माला त्यांनी निष्ठेने आयुष्य वाहिले होते.

एका रुग्णालयातून तक्रार आली, तेव्हा ते स्वतः तिथे गेले. तपासणी विभागातून मोठमोठी छायाचित्रे साठवली जाऊ लागली, की वॉर्डातल्या संगणकांचे पडदे गोठत. मोठ्या सिस्टर एका रुग्णाचे पान उघडण्याची वाट पाहत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "पान उघडेपर्यंत आमचा पेशंट बरा होऊन घरी जातो."

रांगोबांनी घड्याळ लावले. चाळीस सेकंद. कारण त्यांना तिथेच उमगले. लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या मागण्या एकाच रांगेत उभ्या होत्या. शेकडो अवजड लेखनांच्या मागे एक इवलेसे वाचन ताटकळत होते. महिन्याभरात त्यांनी दोन रांगा वेगळ्या केल्या. पाने पापणी लवते न लवते तोच उघडू लागली. सिस्टरांचा फोन आला, "अहो, आता चहाला जायला सबबच उरली नाही."

परंतु एका रांगेच्या अंगी एक मूक सद्गुण होता, तो म्हणजे क्रम. आधी आलेले लेखन आधीच पार पडे. रांगा वेगळ्या झाल्यावर मात्र वाचन पुढे धावून, अद्याप न पोहोचलेल्या लेखनाच्या जागी जुनाच मजकूर घेऊन येऊ शकते. हे रांगोबा जाणत होते. म्हणून त्यांनी पहारा बसवला होता: वाचायच्या जागेवरचे लेखन रांगेत असेल, तर वाचनाने थांबावे. चूक झाली ती या पहाऱ्यात. तो केवळ आरंभाची जागा ताडून पाही. चौथ्या पानापासून सातव्यापर्यंतचे लेखन रांगेत असावे आणि कुणी सहावे पान मागावे, तर पहारा सहाची तुलना चाराशी करी, आणि वाट मोकळी करून देई.

सात महिने काही घडले नाही. मग एके दुपारी डॉक्टरांनी एका आजींचे इंजेक्शन बंद केले. पडद्याने 'जतन झाले' असे सांगितले. सूचना मात्र अनेक पानांच्या एका लेखनाच्या मध्यात, अजून छायाचित्रांच्या मागे रांगेत होती. त्याच मिनिटात सिस्टरांनी पान उघडले, जुनी सूचना वाचली आणि इंजेक्शन दिले. संध्याकाळी आजी गेल्या.

चौकशीत ते पान पुन्हा उघडले, तेव्हा लेखन कधीच पोहोचलेले होते. 'बंद', आणि समोर वेळ. सिस्टर एवढेच म्हणत राहिल्या, "मी पाहिलं तेव्हा तसं नव्हतं." कुणाचाही विश्वास बसला नाही.

कचेरीत आलेल्या चौकशीच्या कागदांत हे वाक्य रांगोबांनी वाचले, आणि लगेच आपला प्रोग्राम तपासायला घेतला. दुसऱ्याच दिवशी पहाऱ्याची ती ओळ त्यांना सापडली. ते साहेबांकडे गेले.

"दुरुस्त करा आणि पुढच्या आवृत्तीत ढकलून द्या," साहेब म्हणाले. "चौकशी संपत आलीय. कशाला उकरून काढता?"

"त्या बाई खोटं बोलल्या नाहीत."

"मग कोण बोललं?"

"पडदा. म्हणजे मीच."

"घरी जा. विश्रांती घ्या."

ते घरी गेले आणि नऊ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी सिस्टरांना कामावरून काढल्याचे कळले. पत्नीने सारे ऐकून घेतले.

"नोकरी जाईल," रांगोबा म्हणाले.

"जाऊ दे. पण हे सांगायला तुम्हाला नऊ दिवस लागले?"

पुढे सिस्टरांवरचा आरोप मागे घेतला गेला, रांगोबांची नोकरी गेली आणि आजींच्या मुलाला खरे काय घडले ते सांगणारे एक पत्र मिळाले. पण ते सारे नंतर. दहाव्या दिवशी चौकशी समितीकडे दोन पानी लेखी कबुली देऊन, तिची प्रत घेऊन ते थेट सिस्टरांच्या दारी गेले. सिस्टरांनी उंबऱ्यात उभ्या उभ्याच दोन्ही पाने वाचली.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं."

"अक्षरन् अक्षर."

"मला वाटलं, माझे डोळेच गेले. चष्म्याचा नंबर तपासून आले हो मी. दोनदा." मग त्यांनी विचारले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

'काल' म्हणणे सोपे होते. रांगोबा म्हणाले, "दहा दिवस झाले."

सिस्टरांनी कागदाची घडी घातली, मग उलगडून पुन्हा घातली.

"नंबर तपासायला दुसऱ्यांदा गेले ती परवा," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतले. आपटले नाही. त्या पुन्हा कधी वॉर्डात गेल्या नाहीत.