आतून कडी नसलेलं दार

आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि आम्ही तिच्याकडे जाणाऱ्या पडावात बसलो होतो. आजोबा गुडघाभर पाण्यात येऊन बाबांना म्हणाले, "पोरांना तिकडची हवा लागू देऊ नकोस. धाकात ठेव." काकू, म्हणजे बाळूदादा, तुझी आई, पडावाची कड धरून उभी होती. तिने माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. आमचं गाव खरं सुटलं ते तो हात सुटला तेव्हा.

तू मागे राहिलास, म्हणून हे तुला लिहितेय. माझ्यासारखी जी लांब येऊन पडलीत, त्यांनीही वाचावं.

गावी बाबांचा हात उठला की तुझी आई थापत असलेली भाकरी टाकून मध्ये पडायची. "भावजी, पुरे," म्हणायची, आणि भावजी पुरे करायचे. डोंबिवलीत काकू नव्हती. भातखाचरांच्या कडेला घरमालकीण हिराबायची बैठी चाळ होती, विहिरीचं पाणी, रॉकेलचा कंदील. बाबा ठाण्याच्या एका गिरणीत बदली कामगार. पहाटे जाऊन गेटावर उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर काम मिळणार, नाहीतर हात हलवत परत. ते सकाळीच परतले की आम्हाला कळायचं. आतून कडी लागायची आणि वसंता भिंतीला चिकटायचा. कारण काहीही पुरायचं, सांडलेलं पाणी किंवा चुकलेला पाढा. आई चुलीकडे तोंड करून बसायची. "बाप आहे तो, त्याचा हक्क आहे," हे तिला माहेरीच शिकवलेलं. शेजारपाजार ऐकायचा आणि गप्प राहायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाबांना राक्षस ठरवणं मला कधी जमलं नाही. आजोबांच्या फोकेचे व्रण त्यांच्या पाठीवर होते, आंघोळीच्या वेळी दिसायचे. मार म्हणजेच माया, असंच ते धरून चालले होते. पण त्यामुळे वसंताचा सुजलेला कान काही बरा होत नव्हता.

एका सकाळी बाबा विहिरीवर गेलेले असताना हिराबाय सुताराला घेऊन आली आणि तिने आमच्या दाराची आतली कडी काढून घेतली. तिच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं राबवली होती, आवाज खणखणीत. बाबा भडकले, रात्री चोर शिरला तर काय, म्हणाले.

"चोर आला तं मी हाय," ती म्हणाली. "पन माज्या चालीन दार लावून कोनी पोराला मारनार नाय. मारायचा तं उघऱ्यावर मार, सगल्यांचे देखत."

बाबांनी लगेच कल्याणला दुसरी खोली बघितली. दाराशी बैलगाडी आली, वळकटी चढली, ट्रंक चढली. कल्याणच्या खोलीला कडी असणार, हे वसंतालाही कळत होतं. त्याने माझा परकर घट्ट धरला. आई मात्र गाडीकडे आलीच नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी आणि मुलं इथंच राहतो."

बाबांसमोर मान वर करून बोललेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हिराबाय तिच्या ओट्यावरून सगळं बघत होती. बाबा बैलांपर्यंत गेले आणि परत फिरले. मग त्यांनी स्वतःच ट्रंक खाली उतरवली.

त्यानंतर ते काही एका दिवसात देव झाले नाहीत. हात उठायचा, पण दार उघडं असायचं आणि समोरून कुणीतरी हाक मारायचं. काम नसलेल्या सकाळी हिराबाय त्यांना वाटेतच अडवून चहा द्यायची आणि शेताच्या बांधावर माती टाकायला लावायची. अर्धा राग तिथेच जिरायचा. पुढे नोकरी कायम झाली, तसे ते जेवताना हसायलाही लागले.

हिराबायचं मला फार कौतुक आहे, आईचं त्याहून जास्त. आणि ट्रंक उतरवणाऱ्या बाबांचंही, हे आज मोकळेपणाने लिहिते.

इथे परदेशात माझ्या फ्लॅटला लॅच आहे, चेन आहे, शेजाऱ्यांची नावं मात्र ठाऊक नाहीत. तरी वरच्या मजल्यावर पोर फार रडलं तर मी वाटीभर शिरा घेऊन बेल वाजवते. लोकांना मी आगाऊ वाटत असेन. पण मला घर म्हणजे तेच, जिथे कुणालातरी मध्ये पडता येतं.

चाळ पडली, तिथे बिल्डिंग झाली आणि आम्हाला तीत घर मिळालं तेव्हा मी तिकडे गेले होते. बाबा थकले होते, वसंताची मुलं रिकाम्या खोल्यांतून धावत होती. सुताराने विचारलं, आतल्या दारांना कडी कुठली बसवू?

"बाहेरच्या दाराला बसव," बाबा म्हणाले. "आतल्या खोल्यांना नको. घरात पोरं आहेत."

वसंता शेजारीच उभा होता. लहानपणी मार बसलेल्या त्या कानाने त्याला अजून कमी ऐकू येतं. हे मात्र त्याने ऐकलं.