माझी जट मीच कापली

रेक्टर बाईंनी माझी जट लाकडी पट्टीनं उचलली. हातानं नाही. पट्टीनं.

साल चौऱ्याण्णव. बारामतीतलं मुलींचं वसतिगृह, जेवणाचा हॉल. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. तीस-चाळीस मुली ताटं घेऊन बघत होत्या.

"बघा. पदवी घ्यायला आल्यात या," बाई म्हणाल्या.

मुली हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, वास येतो हो. झोप लागत नाही." आवाज ओळखीचा होता. पिंपळीच्या बागायतदारांची मुलगी. माझ्याच खोलीतली.

"पंधरा दिवसांत काप. नाहीतर सामान उचल." बाईंनी पट्टी ठेवली आणि त्या हात धुवायला गेल्या.

वास येत होता, हे खरं आहे. तोंडातला घास तसाच राहिला.

ती जट मी मागून घेतली नव्हती. सात वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. आई आणि आबा मेंढरं घेऊन कोकणात गेले होते. मी सुप्याजवळच्या आमच्या गावात, चुलतीकडे. दोन महिने डोक्याला फणी लागली नाही. घाम, तेल, उवा. केस चिकटत गेले. आई परतली तेव्हा मानेवर गुठळी झाली होती. ती फणी घेऊन बसली. फणीचा दात मोडला. चुलती म्हणाली, "ठिव ती फणी. देवीनं धरलंय पोरीला. सोडवाय गेलीस तर तूच जाशील."

आईनं फणी ठेवली. एवढंच झालं.

त्याच आठवड्यात आबांनी मेंढरं कातरली. शेणाकाट्यानं चिकटलेली लोकर ते कातरीनं सपासप काढत होते. मेंढीच्या लोकरीत कधी देवी येत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. फार उशिरा सुचलं.

मग जटेची सेवा सुरू झाली. मंगळवारी, शुक्रवारी आई ती कोमट पाण्यानं धुवायची, हळदकुंकू लावायची, मला उन्हात बसवून वाळवायची. आतून ती कधीच वाळली नाही. पावसाळ्यात आंबायची. बारावीपर्यंत कमरेखाली गेली. भिजली की मान मागे ओढली जायची. उताणं झोपता यायचं नाही. पण जट धुताना आईचे हात फार मऊ असायचे. एरवी ती मेंढरांची, रानाची, चुलीची. तेवढा तासभर माझी. म्हणून मला जट आवडायचीसुद्धा. हे लिहिताना लाज वाटते.

पिंपळीच्या त्या बागायतदारांच्या उसाच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची. तिथल्या मालकीणबाईंना, काकींना, जटेचं कळलं. मेंढरं तिथं असली की दर शुक्रवारी मला बोलावणं यायचं. मला ओट्याखाली पोत्यावर बसवायच्या, जटेला कुंकू लावायच्या, पाया पडायच्या. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती जवळ आली की ओरडायच्या, "लांब हो गं, उवा चढत्याल!"

त्याच काकी पट्टीच्या प्रकारानंतर चार दिवसांनी वसतिगृहावर आल्या. मुलीनं सांगितलं असणार. फाटकातच माझे पाय धरले.

"कापू नगं बाय. आमच्या घराला लागंल."

"मग बाई मला काढून टाकतील, काकी."

"टाकू दे की. तुला कशाला पायजे कालिज? तू देवीची हायस. तुला देवीला सोडायचं समदं आमी बघतो. तुझ्या आईला इचारलंय. व्हय म्हणाली ती."

एक म्हणते काप, नाहीतर जा. दुसरी म्हणते ठेव आणि जा. मी जावं, यावर दोघींचं एकमत होतं. त्याचं एवढं वाटलं नाही. आई हो म्हणाली, ते आत कुठंतरी लागलं.

मी एसटीनं घरी गेले.

"आई, तू व्हय म्हणालीस?"

"मग काय करू? तुला करून कोण घील? देवीच्या पदरात तरी ऱ्हाशील."

मी आबांची कातर आणून तिच्या हातात दिली. म्हणाले, "तूच काप."

तिनं कातर अंगापासून लांब धरली. "माझा जीव घितीस व्हय गं?" कातर खाली पडली. ती मी उचलली आणि मेंढरांच्या वाडग्यात, कुंपणाच्या आत, जाऊन बसले. ओला दोरखंड कापावा तसं वाटत होतं. बोटांना फोड आले. सुटली तेव्हा मान इतकी हलकी झाली की मी पुढे कलंडले. आई जटेपुढे बसून रडली, माणूस गेल्यासारखी. माझ्याकडे बघितलं नाही.

रेक्टर बाई मात्र खूश झाल्या. "शाब्बास! शनिवारी सगळ्यांसमोर दोन शब्द बोल."

मी म्हणाले, "नाही बाई. तुमच्यासाठी नाही कापली. तुम्ही पट्टी लावलीत ना, त्याबद्दल आधी तुम्ही बोला. सगळ्यांसमोर."

त्या बोलल्या नाहीत. पण आता जटच नव्हती, म्हणून त्यांना मला काढताही आलं नाही. मी राहिले. शिकले.

पुढच्या पावसाळ्यात आईला कावीळ झाली. ती तेव्हा मामाकडे, इंदापूरला होती. मी तिला दवाखान्यात न्यायला भाड्याची जीप घेऊन गेले. तिनं खाटेचं कडेचं लाकूड धरून ठेवलं. "ह्ये दवाखान्याचं दुखणं न्हाय. जटंचं हाय." आठ दिवस ती उठली नाही. नवव्या दिवशी तिला नको म्हणायची शुद्ध नव्हती, तेव्हा उचलून नेली. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही आणलं?"

आई वाचली नाही. तिच्या दहाव्याच्या विधीला काकी आल्या. चारचौघांत म्हणाल्या, "खाल्लीस गं आईला."

मी म्हणाले, "आई काविळीनं गेली, काकी. तुमी समद्यांनी घातलेल्या भ्यानं गेली. माज्या केसानं न्हाय."

आबा खाली बघत राहिले.

जट ठेवली असती, तर आई दवाखान्यात आली असती का? कदाचित आली असती. हे मी नाकारत नाही. हा विचार मला मरेपर्यंत सोडणार नाही. तरी मी चुकले, असं म्हणणार नाही. आईसाठीसुद्धा नाही. मी तसं म्हटलं, की पुढच्या पोरीच्या मानेवरची गुठळी तिथंच वाढत राहील.

आता आमच्या भागात कुणाच्या मुलीचे केस चिकटले, असं कानावर आलं की मी जाते. बोलावत कुणी नाही. काहीजणी दार लावून घेतात. मी दारातून हलत नाही.