पाइपांचा माटव

खाणी बंद पडल्या आणि डिचोलीत माझा ट्रक उभाच राहिला. रिकामं बसणं माझ्या अंगाला मानवत नाही. घरात मी दिवसातून चार वेळा भांडायचो आणि चारही वेळा चूक माझीच असायची. तेवढ्यात साखळी गावात परांची बांधायचा कोर्स सुरू झाल्याचं कळलं. लोखंडी पाइपांची परांची, इमारतीला बाहेरून बांधतात ती. तीन महिने शिकायचं, शेवटी सर्टिफिकेट, आणि ते दाखवलं की गल्फची वाट मोकळी. फी ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. मी ट्रक विकला. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी इब्रामपूरला सासुरवाडीला गेलो आणि मेवण्यालाही भरीला घातलं. त्याच्या फीसाठी सासूने काजूची बाग दोन वर्षांसाठी खंडाने दुसऱ्याला दिली.

"तुमी आसात बरोबर, मगे माका भिया नाय," ती मला म्हणाली.

पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण होतो आणि पाइप जेमतेम एका परांचीपुरते. चौघांनी बांधायचं, बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून बघायचं. छप्पर इतकं बुटकं की दोन माणसांच्या उंचीपलीकडे आम्ही कधी गेलोच नाही. सुरक्षेचा पट्टा एकच होता. तो एकेकाने अंगावर चढवून फोटो काढून घेतला. आमच्या सगळ्यांच्या सर्टिफिकेटवर तोच पट्टा आहे. मास्तर कामातला जाणता होता, पण एकटा कोणाकोणाचे हात बघणार? "कोर्सवाल्यांकडे पाइप मागितले तर खुर्च्या पाठवल्या," असं तो हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. सासूची बाग आठवायची आणि खुर्चीत बसल्याबसल्या पाय हलत राहायचे. तरी मी तोंड उघडलं नाही. सर्टिफिकेट मलाही हवंच होतं.

आम्हांला बांधायचं थोडंफार आधीपासून येत होतं आणि तेच नडलं. आमच्याकडे पावसाळा सरला की अंगणात माटव घालतात, म्हणजे पोफळीचे खांब आणि बांबू दोराने बांधून केलेला मांडव. त्याच्या गाठी आधी सैलच मारतात. सगळा सांगाडा उभा करायचा, नजरेने सरळ करायचा आणि मग एकाने शेवटची फेरी मारून गाठी आवळायच्या. सासुरवाडीत ती फेरी माझी. पाइप जोडायचे क्लॅम्पही मी त्याच सवयीने घालत होतो, आता सैल, मग आवळू. आवळायच्या आधीच तास संपायचा आणि परांची उतरवावी लागायची. तीस जणांच्या गर्दीत ते कोणाच्या नजरेला आलं नाही.

पेडण्याला एका इमारतीवर आम्हां दोघांना काम लागलं. तिसऱ्या दिवशी खालचे क्लॅम्प मी घातले आणि मेवणा पाइप घेऊन वर चढून जोडू लागला. सिंधुदुर्गातला म्हातारा फोरमन जाता जाता थांबला. त्याने खालचा पाइप धरून हलवला. सगळी परांची खडखडली.

"खाली उतर आदी! हळू!"

मेवणा उतरेपर्यंत मी खालचा पाइप दोन्ही हातांनी धरून ठेवला. फोरमनने त्यालाच झापलं. "असां बांधूक कोणी शिकवल्यान तुका? जीव नको झालो काय?" मेवण्याने मान खाली घातली. वरचे क्लॅम्प त्याने घातले होते, तेव्हा चूक आपलीच असं त्याला वाटलं. मला खरं माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. पुढे त्याचा गल्फचा व्हिसा आला. सैल क्लॅम्पवर चढताना त्यालाही काही कळलं नव्हतं आणि तिकडे तो असाच उंच चढणार होता, या विचाराने मला जेवणही धड जाईना. दिवाळीनंतर मी माटव घालायला इब्रामपूरला गेलो तेव्हा त्याच्या जाण्याला पंधरा दिवस उरले होते. त्याने भराभर सैल गाठी मारल्या, खाली उडी टाकली आणि म्हणाला, "भावोजी, आता तुमी आवळा. माज्या हाताचा काय खरा नाय."

माझ्याने राहवलं नाही. "ते क्लॅम्प माजे होते," मी म्हटलं. "तुज्या पायाखालचे. सगळे."

"आणि इतके दिवस मी सोताकच गाळी घालतंय!" हातातला दोर त्याने अंगणाच्या पार कोपऱ्यात भिरकावला.

सासू उंबऱ्यात उभी होती. "म्हणजे दोघांकय येणां नाय," ती म्हणाली. "मगे माजी बाग गेली खंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेवण्याला घेऊन फोरमनकडे गेलो आणि त्याच्यासमोर खरं काय ते सांगून टाकलं. तो चिडला नाही. पण आठ दिवस त्याने दोघांनाही जमिनीवरच ठेवलं. एक क्लॅम्प घालायचा, तिथल्या तिथे पान्याने आवळायचा, हलवून बघायचा, मगच दुसरा. मेवणा माझ्याशी बोलत नव्हता, पाना तेवढा माझ्या हातून घ्यायचा. आठव्या दिवशी त्याने एकट्याने परांची उभी केली. फोरमनने दोन्ही हातांनी हलवली. आवाज आला नाही.

सासूने बजावून सांगितलं होतं म्हणून मी फोरमनला फी विचारली.

"फी?" तो वर परांचीकडे बघत म्हणाला. "माका जेणा शिकवल्यान, तो वरसून पडलो. फी त्येना भरल्यान."

इब्रामपूरला परतल्यावर, फोरमनने काही घेतलं नाही, एवढंच मी सासूला सांगितलं. माटव तसाच सैल उभा होता. मी गाठी आवळायला घेतल्या. मेवणा न बोलता वर चढला आणि मी आवळलेली एकेक गाठ हलवून बघायला लागला. एका खांबापाशी तो थांबला.

"भावोजी," तो म्हणाला, "ही परत आवळा."

मी परत आवळली.