गोजरबाईच्या वाट्याची शिंदी

लोक आजकाल सांगतात की वडीगोद्रीच्या गोजरबाईची शिंदी क्रेननं उचलून नेली. झूट! बिलकुल झूट. त्या साली आमच्या गावात क्रेन बघितली कुणी? शिंदी नेली ती वाटूरच्या बदरोद्दीनच्या यारीनं, म्हणजे विहीर खोदताना आतला दगड-गाळ वर काढायचं यंत्र असतं त्यानं, आन माझ्या ट्रॅक्टरनं. मी धर्मराज. गोजरबाईच्या भावकीतला, तिला वयनी म्हणणारा. ह्या गोष्टीत माझी एक घोडचूक हाय. ती मी लपवणार न्हाई, पण ती आली की कुणी खिदळायचं न्हाई, आधीच सांगून ठेवतो.

वयनीचा नवरा, आमचा रामकिसनदादा, लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीनं गेला. लेकरू-बाळ न्हाई. त्र्याऐंशी साल असंल. वर्षश्राद्ध झालं न झालं तोच धाकटा दीर रखमाजी वाटणीला बसला. आमच्याकडं वाटणीत रान वेगळं वाटतात आन झाडं वेगळी. बांधावरचा आंबा एकाचा, त्याच्या खालची माती दुसऱ्याची, असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पंचांनी सगळं रान रखमाजीला दिलं. म्हणे, एकट्या बाईचा नांगर धरणार कोण? घरातली मागची खोली आन तिच्यामागचं परस वयनीनं नुसतं वापरायचं, मालकी रखमाजीची. आन झाडांच्या वाटणीत वयनीला काय दिलं, तर मेन रोडजवळच्या पट्टीतली शिंदी. आंबा न्हाई, चिंच न्हाई, शिंदी, खजुरीच्या जातीची! धड सावली न्हाई, फळ म्हणावं तर नुसती बी. पंचातले दोघं मिशीत हसले. ती माणसं आज न्हाईत, पण आठवली की अजूनबी माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी वयनी सोनूबाईच्या दारात जाऊन बसली. सोनूबाई फडे बांधायची, शिंदीच्या पानांचे झाडू. महिन्याभरात वयनी बांधायला शिकली आन गुरुवारच्या बाजारात स्वतःचे फडे मांडून बसली. रखमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वयनी, आपल्या घरच्या बायांचं काम हाय का हे? नाक कापलं माझं चार लोकांत."

"भाऊजी, वाटणीत शिंदी मला तुम्हीच दिली," ती म्हणाली. "शिंदीच्या पानांचं दुसरं काय करत्यात ते सांगा, मी ते करते."

बारा वर्षं वयनी शिडी लावून त्या शिंदीची पानं काढत राह्यली. खालची काढायची, वरच्या गाभ्याला हात लावायचा न्हाई. एका झाडाची पानं कुठवर पुरणार, बाकीची ओढ्याकडून आणायची. पण दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजायचे फडे मात्र ह्याच शिंदीचे. गावातल्या बायांना ते ठाऊक होतं. नाकं मुरडणाऱ्यांच्या घरीबी दिवाळीला तिचाच फडा असायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं हाय.

शहाण्णव साली रखमाजीनं रोडजवळची ती पट्टी एका ढाबेवाल्याला दिली. ढाबेवाला म्हणाला, जागा साफ करून पाहिजे. रखमाजी दोन कुऱ्हाडीवाले घेऊन गेला, तर वयनी खोडाला पाठ लावून बसलेली. पुढ्यात भाकरी, बाजूला कोयता. कुऱ्हाडीवाले तसेच माघारी आले.

मंग मारुतीच्या पारावर पंच बसले. वयनी उभी राह्यली आन म्हणाली, "झाड माझं हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"झाड तुझंच हाय बाई," पंच म्हणाले. "पण माती रखमाजीची. तुझं झाड तू घेऊन जा."

पार हसायला लागला. खोटं कशाला बोलू, मीबी हसलो. दोन पुरुष उंच खोड, दोन्ही हातांच्या कवेत मावना, त्याला काय डोक्यावर घेऊन जाणार होती? रखमाजीला तर चेवच चढला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "घेऊन जा न्‌ लाव तुझ्या परसात. पोळ्यापर्यंत त्याच्यावर हिरवं पान दाखव, खोली आन परस तुझ्या नावावर करून देतो. वाळलं तर गाठोडं बांधायचं आन माहेरी जायचं. बोल, हाय कबूल?"

वयनीचं माहेर म्हणजे तरी काय, आई-बाप गेलेले, भावजयीचं राज्य. त्या खोलीबिगर तिला ह्या जगात पाठ टेकायला जागा न्हाई. मला वाटलं आता हात जोडंल.

"कबूल," वयनी म्हणाली. "पंचांनी ऐकलं का बराबर? पुन्हा सांगू का?"

पंचांनी माना हलवल्या. हसणं तिथंच थांबलं.

मे महिना चालू होता. दुसऱ्या दिवशी वयनी एसटीनं बदनापूरला गेली. तिथं शेतीचं संशोधन चालतं हे तिनं कुठंतरी ऐकलेलं. एक साहेब भेटले. ते आधी म्हणाले, बाई, आम्ही तूर-मुगाचे लोक, शिंदीचं आम्हाला काय इचारता? पण ही हलंनाच म्हणल्यावर त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मुळांचा गड्डा माती धरून काढा. खालची पानं छाटा, वरची कोंबाभोवती बांधून टाका. होतं तेवढंच खोल लावा, जास्त पुरू नका. खत घालू नका. तिथून ती तडक वाटूरला बदरोद्दीनकडं गेली.

बदरोद्दीन म्हणजे सरळ माणूस, तोंडानं तेवढा तिखट. "बाई, मी विहिरीतला दगड काढतो," तो म्हणाला. "झाड काढायला मला कुणी आजवर बोलावलं न्हाई."

"दगडाला मुळं नसत्यात, एवढाच फरक," वयनी म्हणाली. "तुमच्या यारीला झेपत नसंल तर तसं सांगा, मी दुसरी बघते."

झालं! यारीचा अपमान बदरोद्दीन कसा सहन करंल? तिसऱ्या दिवशी यारी पट्टीत हजर. ट्रॅक्टर मी दिला. पारावर हसल्याची लाज वाटत होती, दुसरं काय.

चार दिवस खोडाभोवती चर खोदला. वयनी स्वतः कुदळ घेऊन. आधी तिनं खोडावर उगवतीच्या बाजूला चुन्याचा पट्टा ओढला. जी बाजू सूर्याकडं होती ती तिकडंच राह्यली पाहिजे, न्हाईतर झाडाला ऊन सोसत न्हाई, असं तिचं म्हणणं. गड्ड्याला ओली पोती गुंडाळून सुतळीनं आवळली. पाचव्या दिवशी सकाळी बदरोद्दीननं यारीचा दोर लावला, जोडीला दोन चेनकुप्प्या, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्प्या लावल्या, आन "या अल्ला" म्हणून इंजिन रेटलं. मुळं तुटताना कडाकडा आवाज झाला. वयनीनं डोळे गच्च मिटले. अख्ख्या कामात तेवढंच एकदा.

ट्रॉलीत आडवी घातलेली शिंदी घेऊन मी गावात शिरलो. अर्धा कोस यायला दोन तास लागले. लोक ओट्यावर, माळवदावर. रखमाजीनं पुढच्या अंगणातून जाऊ दिलं न्हाई, म्हणून मागच्या बोळीनं गेलो. परसाचं काटेरी कुंपण वयनीनं आधीच उपसून ठेवलं होतं, खड्डाबी खोदून तयार होता. पट्टीतली यारी सुटी करून आणलेली, ती परसात पुन्हा उभी करायची म्हणून बदरोद्दीन आन त्याची माणसं लागली कामाला. वयनी भाकरी आणायला आत गेली.

आन इथं मी माती खाल्ली.

मी शेतकरी माणूस. माझ्या मनात आलं, एवढं मोठं झाड, एवढी मुळं तुटलेली, त्याला ताकद नको का? ट्रॉलीत कपाशीसाठी आणलेली युरियाची गोणी होती. अर्धी गोणी खड्ड्यात ओतली, वरून माती पसरली. साहेबांनी खत नको म्हणलेलं मला ठाऊक नव्हतं, आन मी कुणाला बोललो न्हाई. वयनीला वाटू नये की धर्मराज उपकार करून राह्यला.

यारीनं शिंदी उचलली. हळूहळू खड्ड्यावर आली. आत उतरायला हातभर राह्यली असंल, तेवढ्यात वयनी ओरडली, "थांबा!" ती खड्ड्याच्या काठावर वाकलेली. मूठभर माती उचलून तिनं नाकाला लावली. मातीत पांढरे दाणे.

"हे कुणी टाकलं?"

"मी," मी म्हणालो. छाती थोडी पुढंच होती माझी. "अर्धी गोणी हाय वयनी. दणकून वाढंल बघा."

तिनं माझ्याकडं जे बघितलं ना, आजबी आठवलं की मान खाली जाती. "धर्मराज," ती म्हणाली, "तुझं अंग सोललं आन वरून कुणी मीठ चोळलं तर तू वाढशील का रं?"

एवढं बोलून ती खड्ड्यात उतरली. झाड वर लोंबकळून राह्यलेलं! घमेलं ओढलं आन दोन्ही हातांनी माती उपसायला लागली. बदरोद्दीनच्या हातात ब्रेकचा दांडा, कपाळावरून घाम वघळून राह्यलेला.

"बाई, निघ बाहेर! दोर जुना हाय, झाड अंगावर येईल!"

"आलं तर माझंच हाय," ती खालून म्हणाली. "तुम्ही दांडा धरा."

कुंपणापलीकडं रखमाजी उभा होता. हसून राह्यला होता. ते हसणं माझ्या कानात शिरलं आन मी चपला काढल्या, खड्ड्यात उडी मारली. भीती वाटत न्हाई असं म्हणणारा खोटारडा. डोक्यावर दीड-दोन टनाचं झाड, दोर कुरकुरतोय, आन मी माझाच युरिया नखांनी उकरून राह्यलो. अर्धा तास उपसलं. ओंजळ-ओंजळ वास घेऊन बघितलं तिनं. ओढ्याची वाळू टाकली, नवी माती टाकली, मंगच म्हणाली, "सोडा आता."

चुन्याचा पट्टा उगवतीकडं करून शिंदी उभी राह्यली. तीन लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला. बदरोद्दीननं दांडा सोडला तर त्याचा हात उघडंना.

मंग सुरू झालं वाट बघणं. जूनमध्ये बांधलेली पानं पिवळी पडली. जुलैत करडी. ऑगस्टात खराट्यासारखी वाळली. वयनी रोज बुडाशी घागरी ओतायची. बाया पाण्याला जाताना म्हणायच्या, "गोजरबाई, खुंटाला पाणी घालून राह्यली का?" ती म्हणायची, "व्हय, तुमच्या जिभेला घालावं म्हणलं तर ती आधीच लई वाढली." पण मला तिचं तोंड दिसायचं. गाल बसले होते. माझ्या घासाला चव राह्यली न्हाई. झाड मेलं तर ते मी मारलं, असं मी धरूनच चाललो होतो.

पोळ्याच्या दिवशी, बैल मिरवून आले, आन रखमाजी पंचांना घेऊन परसात आला. मागं अर्धं गाव. बदरोद्दीनबी वाटूरहून आल्ता. शिंदी उभी होती, पण हिरवं म्हणून एक काडी न्हाई. बांधलेल्या वाळक्या पानांचा जुडगा, मधी तपकिरी कोंब.

"बघा पंच," रखमाजी म्हणाला. "लाकूड हाय हे. वयनी, गाठोडं बांधा."

वयनी खोलीच्या दारातून पुढं आली. नवं लुगडं नेसलेली, सणाचं. "भाऊजी, मेलेल्या शिंदीचा कोंब ओढला की हातात येतो," ती म्हणाली. "शिडी लावा. चढा न्‌ ओढा. आला हातात तर मी दुसरा सवाल करणार न्हाई."

मी चमकलो. म्हणलं हिनं आधी ओढून बघितलं असणार, म्हणून एवढी छातीठोक. मागून तिनं मला सांगितलं, एकदाबी बघितलं नव्हतं. हात लावायची हिंमतच झाली न्हाई.

रखमाजी चढला. शिंदीच्या देठाला सुयांसारखे काटे, मनगटं रक्ताळली. पानं बांधलेला दोर कापला, कोंबाला दोन्ही हात घातले आन ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कर्रकन आवाज झाला आन हातभर लांब काहीतरी त्याच्या मुठीत आलं.

"निघाला!" खालून कुणीतरी ओरडलं. मी डोळे मिटले.

मी डोळे उघडले तर रखमाजी वर मुठीकडं बघून राह्यलेला. मुठीत वरचं एक वाळकं पान होतं, नुसतं कव्हर. कोंब जागच्या जागी. रखमाजीनं पुन्हा हात घातला, पाय खोडाला लावून सगळं वजन टाकलं. कोंब हलला न्हाई.

बदरोद्दीननं मला बरगडीत असा कोपर मारला की आठ दिवस दुखली.

"आतल्या कोंबाचा, नव्या पानाचा, काय रंग हाय भाऊजी?" वयनीनं खालून इचारलं.

रखमाजी मनगटावरचं रक्त धोतराला पुसत राह्यला.

"पंच थांबलेत. गाव थांबलंय. मोठ्यानं सांगा."

"हिरवा," रखमाजी म्हणाला.

"मंग उतरा खाली," वयनी म्हणाली. "आन पुन्हा ह्या परसात यायचं तर कुंपणाबाहेर उभं राहून मला इचारून यायचं."