पापणी उलटून बघणारी बाई

उजनी धरणाच्या काठावर चिखलात बसून गोगलगायी वेचणाऱ्या त्या बाईचे केस जंतांवर संशोधन करण्यातच पिकले. माझी मेंढरं तिथंच चरायची, म्हणून आमची ओळख. काहीही विचारा, ती म्हणते, "असेल. पण बघायला पाहिजे."

एकदा सोलापूरच्या बाजारात माझा सौदा जमत आला होता. मेंढ्या काठाच्या हिरव्या गवतावर पोसल्यात, असं मी ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात ती आली. गिऱ्हाइकानं विचारलं, "मॅडम, घिऊ का?" मी डोळे वटारले. तिनं एका मेंढीची पापणी उलटली.

"पांढरी पडलीय, म्हणजे रक्त कमी झालंय. गोगलगायीतले जंत त्याच गवतावर येतात, तिथून मेंढीच्या पोटात. आधी औषध द्यायला पाहिजे."

गिऱ्हाईक निघून गेलं. मी ओरडलो, "माझा चहा पिता आन् माझाच सौदा मोडता व्हय?"

"दादा, तुम्ही घेणारे असता तरी हेच सांगितलं असतं," म्हणत ती पुढची पापणी बघू लागली.

मला बाजूला घेऊन सांगायचं होतं की! तो राग अजून आहे. पण आता मेंढी घेताना मी वयासाठी दात बघायच्या आधी पापणी बघतो. विकणारा चिडला, तर म्हणतो, "बघायला पाहिजे."