डेमोतली अर्धी प्रदक्षिणा

लातूरच्या महानंदाला मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नाही, आणि हरतानाही कुणी पाहिलं नाही. भाजीवालीशी घासाघीस असो की नणंदेशी पैज, ती गप्प बसून जिंकायची आणि जिंकल्यावरही गप्पच राहायची. एकच विजय तिनं हातचा जाऊ दिला होता, तोही नवऱ्याच्या नावावर.

ती लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याचा, वीरण्णाचा, कॉम्प्युटर क्लास होता. डॉसचा जमाना, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. पोरं घरी गेली की वीरण्णा एक गेम लावायचा. भुयारी किल्ला, तलवार घेतलेला एक शिपाई, आणि शेवटच्या दालनात सोन्याची किल्ली. त्या दालनात वीरण्णा हटकून मरायचा.

एका दुपारी महानंदा डबा घेऊन गेली. दालनाच्या दाराशी गेम थांबवून वीरण्णा भिंतीकडं तोंड करून जेवायला बसला. ही सहज खुर्चीवर टेकली, आणि त्याची भाकरी संपायच्या आत हिनं किल्ली उचललीसुद्धा. मग उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली. तेवढ्यात शेजारचा सायकलवाला बसवराज आत आला, पडद्याकडं बघून म्हणाला, "जिंकलास की बे!"

वीरण्णाच्या तोंडात घास होता. त्यानं मान हलवली.

ती हललेली मान पुढं पंचवीस वर्षं सरळ झाली नाही. लग्नात, बारशात, कुठंही विषय निघो, वीरण्णा किल्ला जिंकायचा. "पुरावा हाय माझ्याकडं," म्हणायचा. पुरावा म्हणजे त्या दुपारच्या डावाचा, गेमनं आपोआप भरून ठेवलेला डेमो. डेमोत चित्र नसतं, कुठलं बटण कधी दाबलं एवढंच भरलेलं असतं. ते वाचून गेम तोच डाव जसाच्या तसा पुन्हा खेळतो. कॉम्प्युटर बदलला की वीरण्णा गेम आणि डेमो आधी नव्यात न्यायचा, जुन्या चुलीतला विस्तव नव्या घरी न्यावा तसा. पण नव्या मशिनीवर गेम चालायचा नाही, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं.

यंदा श्रावणात पुण्याहून लेक आली, ऋतुजा. तिनं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घातलं. नव्या कॉम्प्युटरनं जुन्याचं सोंग घ्यायचं, असलं. डॉसचे गेम चालू लागले. रविवारी सकाळी बसवराजला मुद्दाम बोलावणं गेलं. महानंदानं चुरमुऱ्यांची सुशीला केली.

डेमो सुरू झाला. शिपाई चार पावलं चालला आणि भिंतीवर आपटला. मागं सरला, पुन्हा आपटला. मग रिकाम्या हवेत तलवार फिरवत बसला.

"वीरण्णा, तुझा पठ्ठ्या पिऊन आलाय काय बे?" बसवराज म्हणाला.

"काका, गेम मी नेटवरून घेतलाय, तो नंतरचा आहे," ऋतुजा म्हणाली. "ह्यात वाटा बदलल्यात. बटणं जुनी आणि किल्ला नवा, असं झालंय."

"राहू दे मग, बंद कर," वीरण्णा घाईनं म्हणाला.

मिरवायचं महानंदाच्या मनात नव्हतं. पण आपला डाव एकदा, एकदाच, चारचौघांसमोर बघायचा होता. आत्ता लॅपटॉप मिटला की ते कायमचं राहणार.

"तुझ्या अप्पांच्या पेनड्राइव्हवर जुना गेम हाय की," ती म्हणाली. "तोच लाव."

"तुला काय कळतंय त्यातलं?" वीरण्णा म्हणाला.

"काहीच न्हाई. म्हणून तर बघायचंय."

जुना गेम लागला. आता शिपाई वाट चुकेना. धडपडत, गरज नसताना उड्या मारत तो शेवटच्या दालनाशी आला. तिथं चित्र जरा थबकलं. पुढं मात्र तो असा शांत चालू लागला, जसा काही दुसराच माणूस.

दालनाच्या मधोमध एक गोल काळा दगड होता, त्याच्यापासून पाण्याचा पाट निघालेला. मागून राखणदार धावून येत होते. शिपाई त्यांना न जुमानता दगड उजव्या हाताला ठेवून फिरला, पाटापाशी थांबला, ओलांडला नाही. आल्या वाटेनं उलटा फिरून पाटाच्या दुसऱ्या काठाला आला. तिथूनही माघारी. मग कुठं दोन राखणदार आडवे पाडले आणि किल्ली उचलली.

बसवराजचा घास हातातच राहिला.

"वीरण्णा, ही तर महादेवाची अर्धी प्रदक्षिणा. पाट ओलांडला न्हाई बघ त्यानं. आणि तू तर देवळाबाहेर चपला राखत बसतोस."

ऋतुजानं आईकडं बघितलं. आई परातीकडं बघत होती.

"आणखी वाढू का भावजी?"

वीरण्णाच्या तोंडात आज घास नव्हता. बोलणं भाग होतं. तो बायकोकडं बघून खाकरला. "तेव्हा… भक्ती होती माझी."

"होती की," महानंदा म्हणाली. "पुढं सुटली. उद्या सोमवारच हाय, पुन्हा धरा."

"मीबी येतो," बसवराज म्हणाला. "हा पाटापाशी वळतो का, बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात वीरण्णा पिंडीभोवती निघाला. पाटापाशी त्याचा पाय उचललाच होता, तोच महानंदा हळूच खोकली. पाय मागं आला. खांबाला टेकलेला बसवराज मिशीत हसला.

माघारी फिरताना वीरण्णा बायकोच्या कानाशी म्हणाला, "अगं, सांगून टाकू का त्याला?"

महानंदानं हात जोडलेले होते. डोळे न उघडताच म्हणाली,

"श्रावण सरू द्या. मग सांगा."