पुस्तक जिथे उघडायचं

कोलकात्यात, बेहालाच्या बाजारात एक म्हातारा बुकबाइंडर बसतो. आई गेल्यावर तिची आवडती, खिळखिळी झालेली मराठी कादंबरी मी त्याच्याकडे बांधायला नेली. त्याने ती कण्यावर उभी धरून हात सोडले. पुस्तक उघडलं. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच पान.

मी वैतागले. "तुम्हाला मराठी येत नाही, मग एवढं बघताय काय?"

"दीदी, हे कोण वाचायचं?"

"आई."

"मग बांधून घेऊ नका. नवी शिवण घातली की पुस्तक हे पान विसरेल."

त्या पानावर नायिका माहेरच्या ओट्यावर बसून निवांत चहा पिते, एवढंच.

पुस्तक तसंच घरी आणलं. चाळीस वर्षं कोलकात्यात राहून आईने माहेरचा विषय कधी काढला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं.